कंडक्टरचा ‘स’

जेवायला बसलेला माणूस आपल्या ताटाकडे बघतो. बत्तीशी समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा. तेही उगाच ओझरतं नाही, टक लावून. नवख्या माणसाला घास उतरायचा नाही. मिशीला काही चिकटलं की काय म्हणून बिचारा दोनदा हात फिरवून घ्यायचा. पण बत्तीशीला मिशीशी काही घेणंदेणं नव्हतं. तो मिशीखालचा माल बघायचा.

धंदाच तसा. चौकातल्या दातांच्या दवाखान्यात पुढे डॉक्टरीणबाई माप घ्यायच्या आणि मागच्या खोलीत हा कवळ्या करायचा. खोलीला एकच खिडकी, तीही बोळात उघडणारी. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीनं नाव. साचा ओतायचा, मेणाची हिरडी करायची, तिच्यात एकेक दात लावायचा आणि लांब धरून डोळा बारीक करून बघायचं. अंगावर सदा पांढरी भुकटी. बायको म्हणायची, "पिठाच्या गिरणीत असता तर निदान पीठ तरी घरी आलं असतं."

ह्याचं उत्तर ठरलेलं. "दात काय, कुणीही बसवील. मी अख्खा माणूस परत बसवतो."

त्याला सगळे बत्तीशी म्हणत. त्याचं खरं नाव विचारलं असतं तर बायकोलाही क्षणभर आठवावं लागलं असतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी त्याच्या घरी अंगतपंगत असायची. त्याच्याच घरी, कारण टेबल त्याच्याकडे होतं. ते मूळचं टेलरबाईंचं कापड कापायचं टेबल. त्यांनी दुकान आवरलं तेव्हा बत्तीशीच्या पुढच्या खोलीत येऊन पडलं, आणि पडलं ते पडलंच. कडेला इंचांच्या खुणा होत्या. त्या खुणांवरून ताटं मांडली जायची, आणि कुणाचं ताट सरकलं की टेलरबाई ओरडायच्या, "ए, माझ्या हद्दीत येऊ नकोस!" त्या वयानं सगळ्यांत मोठ्या, म्हणून सगळ्यांना अरे-तुरे करायच्या.

नियम एकच. ज्यानं त्यानं घरून एक पदार्थ आणायचा आणि काय आणणार ते आधी सांगायचं नाही. त्यामुळे एखाद्या रविवारी झाकणं उघडली की तीन भांड्यांतून भोपळाच बाहेर यायचा. तरी कुणी नियम बदलला नाही. झाकण उघडायच्या आधीचा तो जो क्षण असतो ना, सगळे माना लांब करून उभे, त्याची चव कुठल्याच पदार्थाला नाही.

बत्तीशीची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, भात करायच्या. टेलरबाई जे काही करतील ते तिखट. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. त्यांचा हात मिठाच्या बरणीकडे जाताना अजूनही थबकायचा. आणि कंडक्टर. हाही निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, स्वयंपाकाच्या नावानं अंडी उकडता यायची. तो बेकरीतला पाव आणायचा, पण त्याचा खरा पदार्थ वेगळाच होता. त्याचं तोंड.

कंडक्टर बोलायचा. बसमध्ये भेटलेली माणसं, हरवलेल्या छत्र्या, तिकीट न काढता झोपेचं सोंग घेणारे मास्तर, असं सगळं त्याच्या पोतडीत. आणि तारीफ तर अशी करायचा की करणाऱ्या बाईला वाटावं, आपण आजवर उगाच लाजत होतो. सिस्टरांचा तो अळणी, पेशंटचा रस्सा. त्याचा घोट घेऊन हा डोळे मिटायचा. "वा! ह्या रश्शाला संस्कार आहेत, सिस्टर. उगाच जिभेवर आरडाओरडा करत नाही." सिस्टर दोन दिवस हसत असायच्या. टेलरबाईंच्या तिखटजाळ भाजीनं डोळ्यांतून पाणी काढलं की म्हणायचा, "सुरेख! बायको गेली तेव्हासुद्धा इतका रडलो नव्हतो." टेलरबाई म्हणायच्या, "मेल्या, वर बसून ती ऐकतीय." आणि त्याला आणखी वाढायच्या.

त्याचे पुढचे दोन दात तरुणपणीच गेले होते. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, हा दांड्यावर आपटला, संपलं. बत्तीशी तेव्हा ह्या धंद्यात नव्हता, नाहीतर उचलून खिशात घातले असते. मग वय झालं तसे बाकीचेही एकेक करून उतरले, आपापला थांबा आल्यासारखे. बोलण्याला मात्र काडीचा धक्का लागला नाही. कवळी घे म्हटलं की हा हात जोडायचा. "आपलंच हसू ग्लासात बुडवून झोपायचं? नको रे बाबा. बोळकं बरं."

मग त्याच्यासाठी म्हणून सगळ्यांचे पदार्थ मऊ होत गेले. भोपळ्याचा लगदा, बटाट्याचा लगदा. भात पेजेकडे झुकलेला. सिस्टरांचा रस्सा तर आधीच पाणी होता, तो आणखी काय होणार? चार भांडी, चार झाकणं, आणि झाकण काढलं की चारही भांड्यांत भिंतीला लावायची लांबी.

शेवटी टेलरबाईंचा स्फोट झाला. त्यांच्या आणि सिस्टरांच्या तोंडात बत्तीशीनंच केलेल्या कवळ्या होत्या. "माझ्या तोंडात एवढे भारीतले दात घातलेस," त्या बत्तीशीला म्हणाल्या, "आणि चावू काय? हवा? लोकांकडे दात असतात तेव्हा चणे नसतात. माझ्याकडे दोन्ही आहे आणि तरी मी लगदा खातेय, ह्या एका बोळक्यापायी! मी आता कणसं आणणार आहे. भाजलेली. ज्याला दात असतील त्यानं खावीत."

दुसऱ्या दिवशी कंडक्टर दवाखान्याच्या पायरीवर हजर.

बत्तीशीच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्याच्या रिकाम्या तोंडाकडे बघून जीव तळमळला ते तोंड आता त्याच्या हातात होतं. पण कंडक्टरचे मूळचे दात होते कसे, हे त्याला आठवेना. घरी भिंतीवर एक फोटो होता, काळा-पांढरा, पहिल्यावहिल्या अंगतपंगतीचा. बसडेपोच्या मागच्या हिरवळीवर सगळे तरुण, मधोमध गणवेशातला कंडक्टर, मान मागे टाकून हसतोय. बत्तीशीनं फोटो उतरवला, भिंग लावलं आणि बायकोला हाक मारली.

"अगं, ह्याला फट होती! वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधे. ही बघ, काळी!"

"असेल," वहिनी म्हणाल्या. फोटो काढला तेव्हा त्या बिचाऱ्या ह्या घरात आल्याही नव्हत्या.

"असेल काय? हीच तर त्याची खूण! सरळसोट दात कुणाच्याही तोंडात शोभतात. ही फट म्हणजे कंडक्टर."

ती फट त्यानं अशी घडवली, जणू देवानं त्याला विचारून काम केलं असावं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही कशाला ठेवताय?" हा म्हणाला, "बाई, तुमच्या दृष्टीनं ती फट. माझ्या दृष्टीनं ती सही आहे."

कवळी बसवली. कंडक्टरनं आरसा हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. मग बत्तीशीनं पुढे धरलेला फोटो बघितला. मग बत्तीशीचा चेहरा बघितला. तो चेहरा नवऱ्या मुलाच्या बापासारखा फुलला होता.

"फट बघितलीस? हुबेहूब!"

"तूच करू जाणे," कंडक्टर म्हणाला, आणि आरसा ठेवून दिला.

त्या महिन्याच्या रविवारी टेबल कुरकुरीत होऊन गेलं. भाजलेले शेंगदाणे, कडक टोस्ट, सफरचंदं, हाडांसकट कोंबडी. कणसं अजून बाजारात यायची होती, म्हणून टेलरबाई हळहळत होत्या. सिस्टरांनी रस्सा वाढला. कंडक्टरनं घोट घेतला, डोळे मिटले, सगळे कान टवकारून बसले.

"वा! काय सु—"

फुर्रर्र!

वहिनी उठल्या आणि गॅस बंद करायला आत गेल्या.

"कुकर का?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही हो," आतून आवाज आला, "कुकर केव्हाच उतरवलाय."

"सॉरी," कंडक्टर म्हणाला. फुर्रर्र! "मीच तो. म्हणजे हे दा— हे बघा, स—" फुर्रर्र!

टेलरबाई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. "जन्मभर शिट्टी मारली, आता शिट्टीच तोंडात बसवून घेतलीस!" कंडक्टरही हसला. श म्हटला की नुसती हवा सुटायची, पण स म्हटला की वाजायचा, आणि चांगला चौकापर्यंत ऐकू जाईल असा. बत्तीशी तेवढा हसला नाही. "जीभ नवीन आहे," तो म्हणाला. "वळण लागेल."

वळण लागलं, पण भलतंच. पुढच्या महिन्यातल्या रविवारी कंडक्टर आला तो स गाळून बोलायला शिकून. सिस्टरांना नुसतं "बाई". रश्शाला "ते लाल पाणी". सफरचंद हवं असलं की बोट. गोष्टी बंद, कारण बसशिवाय त्याची एक गोष्ट पुढे सरकायची नाही आणि बस म्हटलं की वाजलंच. पण खरा घोटाळा निराळा होता. तारीफ करायला तोंड उघडावं तर मस्त गेलं, झकास गेलं, सुरेख गेलं, सुंदर गेलं, फर्मास गेलं, खुसखुशीत गेलं, लुसलुशीत गेलं. आपल्या भाषेत चवीचं म्हणून जे काही आहे त्याच्यात कुठंतरी स दडून बसलेला. उरलं काय?

"कसा झालाय?" सिस्टरांनी विचारलं.

कंडक्टरनं शोधाशोध केली. "बरा आहे."

सिस्टरांचा चमचा थांबला. "बरा? आयुष्यभर पेशंटांना विचारत आले, कसं वाटतंय, तर म्हणायचे बरं आहे. इथं येऊनही तेच ऐकायचं?"

"छान आहे," तो घाईनं म्हणाला. पण छान म्हणजे काय, आपण दुसऱ्याच्या पोराचा निकाल ऐकूनही छान म्हणतो.

टेलरबाई बत्तीशीवर घसरल्या. "ती फट बुजव."

"नाही बुजवणार," बत्तीशी म्हणाला. "ती त्याची जन्माची आहे. बुजवली की तोंड कुणाही ऐऱ्यागैऱ्याचं होईल. माझ्या हातून झालेलं हे एकच काम असं आहे की ज्यावर मी नाव घालीन." एवढं बोलून तो कंडक्टरच्या जबड्याकडे बघत बसला. शेंगदाणे कसे फुटत होते! एकेक दाणा, कडक, स्वच्छ. त्याला तेवढं पुरे होतं.

मग कणसांचा रविवार उजाडला.

टेलरबाई आणि कंडक्टर एकाच वस्तीत राहणारे, बसनं बरोबर यायचे. त्या दिवशी टेलरबाईंनी मोठं पातेलं भरून कणसं भाजली होती, वर फडकं टाकलेली, गरम. बसला गर्दी. कंडक्टर आधी चढला, पातेलं वर घेतलं. टेलरबाईंनी एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा अजून रस्त्यावर, गुडघा कुरकुरतोय. कंडक्टरला काळजी वाटली. काळजीत माणूस कुठं अक्षरं मोजतो?

"सावकाश, सावकाश!" तो म्हणाला.

फुर्रर्र, फुर्रर्र.

आता त्या गावात बसची रीत अशी, की एक शिट्टी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. ड्रायव्हर इमानी होता. त्यानं बस सोडली. टेलरबाईंनी पायरीवरचा पाय काढून घेतला आणि रस्त्यावर उभ्या राहून जे बोलल्या ते बसच्या आवाजात वाहून गेलं म्हणून बरं.

"अरे, बस!" कंडक्टर ओरडला. एक शिट्टी. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. अख्खी बस पुढच्याच्या अंगावर. एक कणीस उडून एका गृहस्थाच्या पिशवीत जाऊन पडलं.

"सॉरी! सॉरी!"

बस पुन्हा सुटली.

मागच्या बाजूनं खरा कंडक्टर, कोवळं पोरगं, गर्दी कापत आला. "काका, शिट्टी इकडे द्या."

कंडक्टरनं पातेलं खाली ठेवून रिकामे हात दाखवले.

"तोंडात आहे. मी बघितलं. तोंड उघडा."

कंडक्टरनं तोंड उघडलं. त्या पोरानं आत डोकावून बघितलं आणि त्याला कळेना, तिकीट मागावं की माफी.

कंडक्टर दोन्ही हातांत पातेलं धरून बत्तीशीकडे पोचला. टेलरबाई बऱ्याच वेळानं आल्या, पायी, चप्पल हातात. आल्या त्या सरळ खुर्चीत. वहिनींनी पाणी दिलं. कुणी काही विचारलं नाही, आणि कंडक्टरनं सांगितलं नाही. बसमध्ये असा तमाशा झालेला, एरवी ह्या माणसानं त्यावर तीन रविवार काढले असते. आज तो मुकाट कणीस खात होता. ओळीनं, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, एक दाणा मागे न ठेवता. बत्तीशीनं आयुष्यभरात असं चावणं बघितलं नव्हतं. त्याला वाटलं, आत्ता ऊर भरून यायला पाहिजे. पण येत नव्हता. टेबलावर फक्त चावण्याचा आवाज. सिस्टर रश्शात चमचा फिरवत बसल्या होत्या, आणि त्यांनी आज विचारलंच नाही, कसा झालाय म्हणून.

"अहो," वहिनी हळूच म्हणाल्या, "गोठ्यात बसल्यासारखं वाटतंय."

कंडक्टरनं कणसाचं बुरखुंड ताटात ठेवलं. तोंड पुसलं. शब्द निवडून निवडून म्हणाला, "पुढच्या वेळेला मी येणार नाही. बोलता येत नाही, आणि न बोलता मला गिळत नाही. तुम्ही जेवा. पाव पाठवीन."

बत्तीशी उठला. त्यानं भिंतीवरचा फोटो काढून टेबलावर आपटला. "म्हणजे माझी चूक! ही बघा, ही फट! डोळ्यांनी बघा. देवानं दिलेली आहे, मी दिलेली नाही!"

सिस्टरांनी चष्मा लावला. फोटो जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"अहो, फट कसली? हे पान आहे."

"कसलं पान?"

"पालकाचं. दाताला चिकटलंय."

टेलरबाईंनी फोटो ओढला. "बघू... अगं बाई, माझाच की! त्या दिवशी मीच पालक आणला होता. मला चांगलं आठवतंय, दिवसभर ह्याच्या दातावर झेंडा लावल्यासारखा होता!"

बत्तीशीचं तोंड उघडं ते उघडंच. "मग तेव्हाच त्याला सांगायचं होतं ना!"

"सांगणार कधी? हा तोंड मिटणार तेव्हा ना!"

बत्तीशी कंडक्टरकडे वळला. "तुला फट होती का नव्हती?"

कंडक्टर ताटातल्या बुरखुंडाकडे बघत म्हणाला, "नव्हती."

"मग लेका, पहिल्याच दिवशी बोलला का नाहीस?"

"तू इतका फुलला होता," कंडक्टर म्हणाला. "कुठल्या तोंडानं बोलणार? तोंड तूच दिलेलं."

बत्तीशी खाली बसला. भिंगातून इतके दिवस बघितलेली, नखाच्या टोकानं घडवलेली, सही म्हणून मिरवलेली ती गोष्ट टेलरबाईंच्या हातची भाजी होती. त्यानं एकदा फोटोकडे बघितलं, एकदा कंडक्टरकडे. हा माणूस महिनोन् महिने नुसतं बरं-छान म्हणत बसला, बायकांची बोलणी खाल्ली, आणि आता उठून चालला होता, पण हे सांगितलं नाही.

"काढ," बत्तीशी म्हणाला आणि खिशातला रुमाल पुढे पसरला.

"अहो, निदान जेवून तरी जा," वहिनी म्हणाल्या. पण तो दवाखान्याची किल्ली आणि रुमालाची पुरचुंडी घेऊन बाहेर पडलासुद्धा.

दुपार कलली. वहिनींनी भांड्यांवर झाकणं ठेवली. बोळक्या तोंडाचा कंडक्टर हळूहळू मोकळा झाला आणि बसमधल्या पोराची नक्कल करायला लागला, तेव्हा टेलरबाईंनी त्याला गप्प केलं. "थांब. तो येऊ दे. त्याच्या माघारी सांगितलंस तर परत सांगताना चव जाते."

बत्तीशी आला. हातावर, पँटवर, भुवईवर भुकटी. रुमाल उघडून पुढे धरला.

"घे. पालक काढलाय."

कंडक्टरनं कवळी बसवली. जीभ फिरवली. सगळे श्वास धरून.

"स."

काही वाजलं नाही.

"सा. सासू. सासूबाई." मग त्याची नजर सिस्टरांकडे गेली आणि धरण फुटलं. "सिस्टर! तुमचा रस्सा! सुंदर, सात्त्विक, सुसंस्कृत! मागच्या वेळचासुद्धा सुरेखच होता, त्याच्या आधीचासुद्धा, सगळं सव्याज सांगतो, बसा!"

"गार झालाय हो तो," सिस्टर म्हणाल्या. पण लाजल्या.

वहिनींनी सगळं पुन्हा गरम केलं आणि पुन्हा पंगत बसली. कंडक्टरनं बसपासून सुरुवात केली. सावकाश, सावकाश म्हणताना तो स असा ताणायचा, की जणू मुंबईला पाठवलेलं पोर सुट्टीला घरी आलंय. पातेलं, ब्रेक, पिशवीत उडी मारलेलं कणीस, रस्त्यावर एका पायावर उभ्या टेलरबाई. "आणि तुम्ही काय म्हणालात ते मला सगळं ऐकू आलं बरं का! शेवटच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं कान झाकून घेतले!" सिस्टरांना उचकी लागली. वहिनी पदरात तोंड खुपसून हसत होत्या. टेलरबाई टेबलावर मूठ आपटत होत्या आणि ताटं इंचाइंचानं एकमेकांच्या हद्दीत शिरत होती.

बत्तीशीनं सवयीनं तोंडांकडे बघितलं. कुणीही चावत नव्हतं. घास हातात तसेच. पण तीन जबडे आ वासून उघडलेले, वरची ओळ, खालची ओळ, पार मागच्या दाढांपर्यंत. हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात. त्याच्या हातचे सगळे दात दिसत होते, एकाच वेळी, एकाच टेबलावर. इतकी वर्षं तो चावण्याची वाट बघत बसला होता. आज त्याला माल पुरता बघायला मिळाला.

तो पुढे झुकला आणि डोळा बारीक केला.

"टेलरबाई, उद्या दवाखान्यात या. वरची उजवी बाजू जरा उचलतेय."

"मेल्या," टेलरबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आधी मला हसू तरी दे!"